साभार परत : होतकरू विज्ञानकथाकाराची उमेदवारी

‘साभार परत’ या दोन शब्दांचा अर्थ मराठी लेखकाला कोशात पाहावा लागत नाही. कथेसोबत स्वतःच्याच हस्ताक्षरात पत्ता लिहून, तिकिटे लावून पाठवलेले पाकीट काही महिन्यांनी दारात येऊन पडे, आणि त्याच्या जाडीवरूनच आत काय आहे ते कळे. ‘साभार’मधले आभार कुणी मनावर घेत नसे, ‘परत’ मात्र घर करून राही. होतकरू लेखकाच्या चढउतारांचा हिशेब मांडताना आपण कथा परत येण्याला उतार समजतो आणि छापून येण्याला चढ. विज्ञानकथेच्या इतिहासात डोकावून हा हिशेब तपासला, तर तो तितकासा जुळत नाही. काही नकारांनी लेखक घडलेले दिसतात, आणि काही होकारांनी लेखकाला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवलेले दिसते.

त्यासाठी तीन लेखकांची उमेदवारीची वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहू. न्यूयॉर्कमधला आयझॅक असिमोव्ह, कॅलिफोर्नियातली ऑक्टेव्हिया बटलर आणि आपले जयंत नारळीकर. तिघांची परिस्थिती अगदी वेगळी. पण तिघांच्याही सुरुवातीला प्रश्न एकच होता : कथा लिहून झाली, आता ती वाचून खरे उत्तर देणारे कोण आहे?

हा प्रश्न सगळ्याच लेखकांचा असला तरी विज्ञानकथाकाराला तो अधिक छळतो. सामाजिक कथा लिहिणाऱ्याला घरातली बहीण, कचेरीतला मित्र, वाचनालयातले काका असे वाचक हाताशी असतात. कथेतली सासू खरी वाटते की नाही, हे ते सांगू शकतात. विज्ञानकथेची परीक्षा मात्र दुहेरी असते. त्यातली कल्पना विज्ञानाच्या कसोटीवर निदान कथेपुरती टिकली पाहिजे, आणि तिच्याभोवतीची माणसे व घटना कथा म्हणून उभ्या राहिल्या पाहिजेत. कथा फसली तर यातले काय फसले, हे लिहिणाऱ्याला स्वतःला सहसा कळत नाही. विज्ञान जाणणारा मित्र गणितातली चूक दाखवतो. साहित्याचा जाणकार ‘मला त्यातले विज्ञान काही कळत नाही बुवा’ म्हणून सुटका करून घेतो. दोन्हींकडे एकाच नजरेने पाहणारा वाचक क्वचित भेटतो. बहुतेक वेळा तो संपादकाच्या खुर्चीत असावा लागतो.

दुकानातली मासिके आणि दोन दिवसांत आलेले पत्र

असिमोव्हचे कुटुंब १९२३ साली रशियातून अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गोळ्या-चॉकलेट, सिगारेट आणि वर्तमानपत्रे विकण्याच्या दुकानावर जगू लागले. दुकानात स्वस्त कागदावर छापलेली रहस्य-साहसाची मासिकेही विकायला येत. वडिलांच्या लेखी तो सगळा कचरा. मुलाने त्याला हात लावायचा नाही. १९२९ साली ‘सायन्स वंडर स्टोरीज’ नावाचे मासिक आले, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाने नावातल्या ‘सायन्स’ या शब्दाकडे बोट दाखवून परवानगी मिळवली. विज्ञानकथेशी त्याची ओळख अशी वडिलांच्या दुकानाच्या गल्ल्यापाशीच झाली.

१९३८च्या जून महिन्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने आपली पहिली कथा पूर्ण केली. नाव ‘कॉस्मिक कॉर्कस्क्रू’. बाटलीचे बूच काढायच्या मळसूत्रासारखा काळही पिळाचा असेल, तर एका वेढ्यावरून पुढच्या वेढ्यावर उडी मारता येईल, अशी तिच्यातली कल्पना. ती टपालाने पाठवावी की स्वतः नेऊन द्यावी, असा प्रश्न पडला, तेव्हा वडिलांनी संपादकाला प्रत्यक्ष भेटून देण्याचा सल्ला दिला. २१ जून रोजी तो भुयारी रेल्वेने ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या कचेरीत गेला. संपादक जॉन कॅम्पबेल तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा होता आणि काही महिन्यांपूर्वीच त्या खुर्चीवर आला होता. या अनोळखी विद्यार्थ्याशी तो तासाहून अधिक वेळ बोलत बसला आणि कथा लवकर वाचण्याचे त्याने कबूल केले.

कथा दोनच दिवसांत परत आली. सोबत पत्र होते. सुरुवात संथ आहे. शेवटची आत्महत्या पटत नाही. प्रथमपुरुषी निवेदन आणि ताठर संवाद जमलेले नाहीत. शिवाय नऊ हजार शब्दांची लांबी अडचणीची आहे, लघुकथेला जास्त आणि दीर्घकथेला कमी. एवढे दोष एका पत्रात वाचून दुसरा कुणी खचला असता. असिमोव्ह मात्र हरखून गेला आणि लगेच पुढच्या कथेला लागला. दुसरी कथाही परत आली. तिसरी, ‘मरून्ड ऑफ व्हेस्टा’, कॅम्पबेलने नाकारली, पण ऑक्टोबरमध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ने घेतली. शब्दाला एक सेंट या दराने चौसष्ट डॉलर मिळाले आणि मार्च १९३९च्या अंकात कथा छापून आली. पहिला नकार आणि पहिला होकार यांत अवघे चार महिने गेले होते. या तारखा आज इतक्या नेमक्या सांगता येतात, कारण असिमोव्ह १९३८च्या आरंभापासून रोजनिशी ठेवत होता.

या चार महिन्यांत घडले ते नीट पाहायला हवे. प्रत्येक नकार काही दिवसांत येत होता, म्हणून मागच्या कथेतली चूक पुढच्या कथेआधी कळत होती. पत्रात विज्ञानाइतकीच कथेच्या बांधणीची चर्चा होती. आणि एका मासिकाने नाकारलेली कथा घ्यायला दुसरे मासिक होते. ‘स्टोअवे’ ही त्याची दुसरी कथा असाच प्रवास करून, ‘कॅलिस्टन मेनेस’ असे नाव घेऊन, एप्रिल १९४०मध्ये ‘अस्टॉनिशिंग स्टोरीज’मध्ये आली. दर निम्मा, शब्दाला अर्धा सेंट. तिथला संपादक फ्रेडरिक पोल हा असिमोव्हचा मित्र, आणि त्याच्याच वयाचा.

कॅम्पबेलने घेतलेली असिमोव्हची पहिली कथा ‘ट्रेण्ड्स’. ती जुलै १९३९च्या अंकात आली. चंद्राकडे जाणाऱ्या यानाला यंत्रातला बिघाड अडवत नाही, लोकांचा विरोध अडवतो, अशी तिची कल्पना. ती असिमोव्हला सुचली एका किरकोळ नोकरीत. विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी योजनेतून तो एका समाजशास्त्रज्ञासाठी टंकलेखन करत होता, आणि त्या अभ्यासाचा विषय होता नव्या तंत्रज्ञानाला समाजाने केलेला विरोध. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिली मोठी संधी समाजशास्त्राने दिली. कॅम्पबेलला हवे होते ते हेच : यंत्राइतकाच माणसांचा विचार करणारी कथा. हे त्याला आधीच्या नकारांतूनच उमगत गेले होते.

पुढे कॅम्पबेलनेच त्याला एक कल्पना दिली. हजार वर्षांतून एकदाच तारे दिसणार असतील, तर माणसांचे काय होईल? त्यातून ‘नाइटफॉल’ झाली. सप्टेंबर १९४१च्या अंकात ती आली तेव्हा शब्दामागे पाव सेंट जादा मिळाला. पुढे अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने १९६५पूर्वीच्या कथांसाठी मतदान घेतले, त्यात ती पहिली आली. मळसूत्री काळाची ती पहिली कथा मात्र कुठे उरलेली नाही. तिचे हस्तलिखितच हरवले. तिच्याविषयी आज आपल्याला जे माहीत आहे, त्यात मोठा वाटा संपादकाने सांगितलेल्या तिच्या दोषांचा आहे.

होकार आला, पण कथा छापली गेली नाही

कॅम्पबेलची ही बाजू सांगितली की दुसरीही सांगावी लागते. त्याचा दरवाजा सगळ्यांसाठी सारखा उघडा नव्हता. सॅम्युअल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाची ‘नोव्हा’ ही कादंबरी १९६७ साली क्रमशः छापण्यासाठी कॅम्पबेलकडे गेली, तेव्हा कृष्णवर्णीय नायक आपल्या वाचकांना जवळचा वाटणार नाही, असे कारण त्याने कळवले. डिलेनीने हे स्वतः लिहून ठेवले आहे. कारण देणारा नकार उपयोगी असतो खरा. पण कारणच माणसाच्या वर्णाचे असेल, तर लेखकाने सुधारायचे काय? २०१९ साली कॅम्पबेलच्या नावाचा नवोदित लेखकांसाठीचा पुरस्कार नाव बदलून मासिकाच्या नावाने ओळखला जाऊ लागला, तो याच इतिहासामुळे.

ऑक्टेव्हिया बटलर याच काळात वाढत होती. जन्म १९४७, कॅलिफोर्नियातले पासाडेना. वडील लहानपणीच गेले; आई लोकांच्या घरी काम करी. बारा वर्षांची असताना तिने दूरचित्रवाणीवर मंगळावरच्या बाईचा एक सुमार चित्रपट पाहिला, आणि याहून बरी गोष्ट आपण लिहू शकू, असे तिला वाटले. कृष्णवर्णीयांना लेखक होता येत नाही, असे तिची मावशी तिला मायेनेच समजावत होती. शाळेतल्या विज्ञानशिक्षकाने तिची पहिली कथा टंकलिखित करून दिली. त्यानंतर वर्षानुवर्षे कथा जात राहिल्या आणि छापील चिठ्ठ्या येत राहिल्या. वाचनाचे पैसे आधी मागणारा एक ‘एजंट’ भेटला. आईने महिन्याच्या घरभाड्याहून अधिक रक्कम त्याला दिली, आणि त्यातून काहीही निष्पन्न झाले नाही. असिमोव्हला अठराव्या वर्षी जे दोन दिवसांत फुकट मिळाले, त्यासाठी या घराने पैसे मोजले आणि तरी ते मिळाले नाही.

१९७०च्या उन्हाळ्यात, लेखक हार्लन एलिसनच्या प्रोत्साहनाने, ती पेनसिल्व्हेनियातल्या क्लॅरियन इथल्या सहा आठवड्यांच्या विज्ञानकथा कार्यशाळेला गेली. तिथे रोज कथा वाचल्या जात आणि त्यांवर तोंडावर बोलले जाई. कार्यशाळा संपेपर्यंत तिच्या दोन कथा विकल्या गेल्या. वय तेवीस. ‘क्रॉसओव्हर’ ही कथा १९७१मध्ये कार्यशाळेच्या संग्रहात आली. दुसरी, ‘चाइल्डफाइंडर’, एलिसनने आपल्या गाजावाजा झालेल्या आगामी संग्रहासाठी घेतली. तो संग्रह निघणार निघणार म्हणून दशके गेली. कथा अडकून पडली ती लेखिकेच्या मृत्यूनंतर २०१४ साली वाचकांपर्यंत पोचली. चव्वेचाळीस वर्षे टिकलेला हा होकार! नाकारली गेली असती तर ती दुसरीकडे गेली असती, दुरुस्त झाली असती, निदान कुणी वाचली तरी असती.

त्यानंतरची पाच वर्षे बटलरची एकही कथा विकली गेली नाही. चढ आला असे वाटले तोच खरा उतार होता. ती भांडी घासणे, फोनवरून वस्तू विकणे, बटाट्याच्या काचऱ्यांच्या कारखान्यात माल तपासणे अशा नोकऱ्या करत राहिली आणि पहाटे दोनला उठून लिहीत राहिली. या काळात ती लघुकथेकडून कादंबरीकडे वळली. १९७६ साली ‘पॅटर्नमास्टर’ आली. लघुकथेत तिला मान मिळाला तो त्यानंतर. ‘स्पीच साउंड्स’ ही भाषाच हरवलेल्या जगाची कथा १९८३च्या अखेरीस छापली गेली आणि पुढच्या वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यापाठोपाठ ‘ब्लडचाइल्ड’ने ह्यूगो आणि नेब्युला असे दोन्ही मान मिळवले. या दोन्ही कथा ज्या मासिकात आल्या त्याचे नाव होते ‘आयझॅक असिमोव्ह्स सायन्स फिक्शन मॅगझिन’. कधीकाळी कॅम्पबेलच्या कचेरीत हस्तलिखित घेऊन गेलेल्या मुलाच्या नावाने आता मासिक निघत होते, आणि त्याचा दरवाजा निराळ्या माणसांना उघडला होता.

नाव झाकून पाठवलेली कथा

असिमोव्हची पहिली कथा परत आली त्याच्या पुढच्याच महिन्यात, १९ जुलै १९३८ रोजी, कोल्हापुरात जयंत नारळीकरांचा जन्म झाला. त्यांची उमेदवारी अगदी उलट दिशेने सुरू झाली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानरंजन कथांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा ते केंब्रिजहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते आणि त्यांचे नाव देशभर झालेले होते. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी ‘द ब्लॅक क्लाउड’सारखी विज्ञानकादंबरी लिहिली होती, त्यामुळे शास्त्रज्ञाने कथा लिहिण्यात त्यांना वावगे काही वाटत नव्हते. अडचण निराळीच होती : एवढे मोठे नाव पाहिल्यावर परीक्षक कथेला खरे उत्तर देतील का?

म्हणून त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी केली की हे नाव मिळते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली. कथेला पहिला क्रमांक मिळाला. बटलरला आपल्या नावागावामुळे दार बंद होण्याची भीती होती. नारळीकरांना ते आपल्या नावामुळे उगीच उघडण्याची. दोघांनाही हवा होता तो केवळ मजकुराकडे पाहणारा वाचक.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. ‘किर्लोस्कर’च्या मुकुंदराव किर्लोस्करांनी त्यांच्याकडे कथा मागितल्या. १९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाटेची दखल घेतली. १९७९मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. २०२१मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद विज्ञानकथाकाराकडे गेले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे यांच्यासारख्या लेखकांनी ही वाट रुंद केली. स्पर्धेतल्या एका निकालाने एका वाङ्मयप्रकाराची पत वाढवली, हे मराठीत घडले आहे.

आपले दरवाजे

पण स्पर्धेचे एक अंग आपण क्वचितच बोलतो. स्पर्धा उत्तर देते ते पहिल्या दोन-तीन जणांना. बाकीच्यांना विजेत्यांची यादी मिळते. आपली कथा चौथी होती की चाळिसावी, कल्पनेत कच्ची होती की संवादांत, याचा पत्ता लागत नाही. ज्याला सांगण्याची सर्वांत जास्त गरज असते, त्यालाच काही सांगितले जात नाही.

मराठीतला दुसरा दरवाजा म्हणजे दिवाळी अंक. ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली पाडलेला हा पायंडा मराठी कथेचा मोठा आधार आहे, आणि ‘नवल’, ‘हंस’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी अद्भुत, रहस्य आणि विज्ञान यांना आवर्जून जागा दिली आहे. मात्र दिवाळी वर्षातून एकदाच येते. उन्हाळ्यात पाठवलेल्या कथेचे काय झाले हे नवोदिताला अनेकदा ऑक्टोबरमध्ये अंकाची अनुक्रमणिका पाहूनच कळते. तोवर दुसऱ्या अंकांची जुळणी झालेली असते. असिमोव्हने चार महिन्यांत जेवढी उत्तरे मिळवली, तेवढी मिळवायला या गतीने कित्येक दिवाळ्या जातील. मधल्या काळात विज्ञान पुढे सरकते आणि कथेतली ‘उद्या’ची गोष्ट कालची होऊन बसते.

अमेरिकी लेखक रॉबर्ट हाइनलाइनने १९४७ साली नवोदितांसाठी पाच नियम सांगितले होते. लिहा, लिहिलेले पूर्ण करा, संपादकाने सांगितल्याशिवाय पुन्हा लिहीत बसू नका, कथा बाजारात पाठवा आणि विकली जाईपर्यंत फिरती ठेवा. हे नियम आजही वाटले जातात. पण त्यांतल्या तिसऱ्या नियमात एक गोष्ट गृहीत धरली आहे : सांगणारा संपादक असतो. पाचव्यात दुसरी : कथा फिरवायला पुरेशी दारे असतात. ही दोन गृहीतके नसली, तर उरलेली चिकाटी लेखकाला एकट्यानेच ओढावी लागते.

आता या दरवाजांवर नवे ओझे आले आहे. इंग्रजीतले ‘क्लार्क्सवर्ल्ड’ हे मासिक नवोदितांना झटपट उत्तर देण्यासाठी ओळखले जाते. फेब्रुवारी २०२३मध्ये यंत्राकडून लिहवून घेतलेल्या कथांचा असा लोंढा तिथे आला की संपादक नील क्लार्कला कथा स्वीकारणेच काही काळ थांबवावे लागले. यात फटका बसला तो रात्र जागवून पहिली कथा लिहिणाऱ्याला. त्या गर्दीत त्याचा आवाज वेगळा काढायचा तर कुणीतरी प्रत्येक पान वाचावे लागते, आणि वाचणाऱ्याचा वेळ हीच सर्वांत महाग वस्तू होऊन बसली आहे.

मराठीत अजून हा लोंढा थोपवता येण्याजोगा आहे, म्हणून काही गोष्टी आत्ताच करता येतील. कथा घ्यायची नसेल तर तसे अमुक तारखेपर्यंत कळवू, एवढी ओळ आवाहनात छापता येईल. स्पर्धेच्या परीक्षकांनी बाद झालेल्या प्रत्येक कथेमागे ‘विज्ञान’, ‘कथानक’, ‘भाषा’ यांपैकी एका शब्दावर खूण केली, तरी लेखकाला दिशा मिळेल. स्वीकारलेली कथा ठरावीक काळात छापली गेली नाही तर ती आपोआप मोकळी होईल, हा साधा करार बटलरच्या वाट्याला आला तसा प्रसंग टाळेल. आणि लेखकाने आपल्या बाजूने एक वही ठेवावी : कुठली कथा कुठे गेली, कधी गेली, काय उत्तर आले. एकाच प्रकारचा शेरा तीनदा आला की पुढची कथा कुठून सुधारायची ते कळते.

लेखकाची चिकाटी आपण पुरस्कारांच्या भाषणांत गौरवतो, ते योग्यच आहे. पण चिकाटी कितीही असली तरी दुसऱ्या टोकाला कुणी वाचणारे लागते. सध्या दिवाळीनंतरचे दिवस संपादकांच्या टेबलावर थोडे निवांत असतात. परत करायच्या कथांचा गठ्ठा तेव्हाही तिथेच असतो. त्यातल्या प्रत्येक पाकिटात ‘साभार परत’च्या खाली कारणाची एक ओळ लिहिली गेली, तर पुढच्या वर्षी त्याच लेखकाची येणारी कथा थोडी बरी असण्याची शक्यता वाढते, आणि ती वाचायला आपणच असणार आहोत.